निळीं अंडीं देणारी कोंबडी

मृगाच्या आगेमागें पावशाची 'पेरते व्हा, पेरते व्हा' ही हांक राधानगरीच्या रानांतून ऐकूं येऊं लागली, म्हणजे तेथील शेतकऱ्याचे डोळे आभाळाकडे लागतात. शेतकऱ्यास पेरणीचा उपदेश करणारा हा पक्षी स्वतःच्या संसाराच्या बाबतींत मात्र अगदींच निष्काळजी आहे. तो घरटें बांधीत नाहीं, अंडीं उबवीत नाहीं, कीं पिलांना चारा भरवीत नाहीं. मादी सातभाईंच्या घरट्यांत गुपचूप एक अंडें टाकते आणि निघून जाते. सातभाईंचीं अंडीं गडद निळीं असतात, आणि पावशाचें अंडेंहि तसेंच निळें. रंगाचा हा मेळ इतका बेमालूम असतो कीं बिचारे सातभाई परक्याचें पोर आपलें म्हणून वाढवितात.

भोगावतीच्या खोऱ्यांतील हें दाजीपूरचें अरण्य १९५८ सालीं राखीव झालें. आजच्या महाराष्ट्राच्या भूमीवरील तें पहिलें अभयारण्य. गव्यांसाठीं तें प्रसिद्ध आहे, आणि २०१२ सालीं पश्चिम घाटांतील इतर स्थळांबरोबर त्याचें नांव जागतिक वारशाच्या यादींत गेलें. गव्यांची कीर्ति एवढी मोठी कीं त्याच झाडींत पहांटे आरवणाऱ्या करड्या रानकोंबड्याकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. वास्तविक आपल्या घरच्या कोंबडीशीं त्याचें नातें आहे. घरगुती कोंबडीचा मूळ पुरुष आग्नेय आशियांतील तांबडा रानकोंबडा खरा. परंतु पुष्कळ कोंबड्यांच्या कातडीचा आणि पायांचा पिवळा रंग तांबड्याकडून नव्हे, तर दक्षिण हिंदुस्थानांतील या करड्या रानकोंबड्याकडून आला, असें २००८ सालीं शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें. जगाच्या बाजारांत पिवळ्या पायांच्या ज्या असंख्य कोंबड्या विकल्या जातात, त्यांच्या अंगावर सह्याद्रीच्या रानाची ही खूण आहे.

पिवळे पाय या रानानें दिले, निळें अंडें मात्र दिलें नाहीं. रानकोंबडीचें अंडें फिकट बदामी, आणि वाड्यावस्त्यांवरील गांवठी कोंबडीचें अंडेंहि बदामी किंवा पांढुरकें. अशा स्थितींत कोणी निळ्या अंड्यांच्या कोंबडीची गोष्ट सांगूं लागला, तर ऐकणाऱ्याच्या मनांत पहिली शंका रंगाच्या डब्याची येते. २०२५ सालीं शेजारच्या कर्नाटकांत, दावणगेरे जिल्ह्यांतील एका खेड्यांत कोंबडीनें निळसर अंडें घातल्याची वार्ता वृत्तपत्रांत आली, तेव्हां तिला चमत्काराचेंच स्वरूप मिळालें. परंतु हा चमत्कारहि नव्हे आणि लबाडीहि नव्हे. निळीं अंडीं देणाऱ्या कोंबड्या जगांत आहेत, त्यांची पैदास शंभर वर्षांपासून पद्धतशीर चालू आहे, आणि तो रंग कोठून येतो याचा उलगडाहि झालेला आहे.

पक्ष्यांच्या अंड्यांवर जे शेंकडों रंग दिसतात, ते सारे मुख्यत्वें दोनच रंगद्रव्यांतून होतात. एकाचें नांव प्रोटोपॉर्फिरीन. तें तांबूस तपकिरी. दुसऱ्याचें बिलिव्हर्डिन, तें निळसर हिरवें. दोहोंचेंहि मूळ रक्ताला तांबडेपणा देणाऱ्या द्रव्याच्या कुळांतलें. मुका मार लागल्यावर कातडी प्रथम काळीनिळी होते आणि चार दिवसांनीं हिरवट पडते. त्यांतील हिरवटपणा या बिलिव्हर्डिनचाच असतो. कोंबडीच्या पोटांत एक अंडें पुरें होण्यास सुमारें २५ तास लागतात, आणि त्यांतील २० तास केवळ कवच चढण्यांत जातात. तपकिरी रंग या कामाच्या अखेरीस, प्रामुख्यानें शेवटच्या कांहीं तासांत, वरच्या वर बसतो. निळ्याची तऱ्हा वेगळी. भिंतीला पांढरी सफेती करून तिच्यावर गेरूचा हात फिरविणें निराळें, आणि चुन्याच्या बादलींतच नीळ कालवून भिंत रंगविणें निराळें. तपकिरी अंडें पहिल्या प्रकारचें. तें फोडून पाहिलें तर कवच आंतून पांढरेंच दिसतें. निळें अंडें दुसऱ्या प्रकारचें. त्याचें कवच आंतबाहेर निळें असतें. एखाद्या कोंबडीच्या ठायीं दोन्ही गुण एकत्र आले, म्हणजे निळ्या कवचावर तपकिरीचा हात फिरतो आणि अंडें हिरवें दिसूं लागतें. ही साधी गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे; पुढें बाजाराचा विषय निघेल तेव्हां तिचा उपयोग होईल.

या कोंबडीची विद्वानांशीं पहिली गांठ पडली ती मोठ्या घोटाळ्याची. दक्षिण अमेरिकेंत चिली नांवाचा देश आहे. तेथील अरौकानिया प्रांतांत मापुचे नांवाचे मूळ रहिवासी राहतात आणि त्यांच्या घरच्या कोंबड्या निळीं अंडीं देतात. साल्वादोर कास्तेलो या नांवाचे एक स्पॅनिश प्राध्यापक होते. बार्सेलोनाजवळ कुक्कुटपालनाची शाळा ते चालवीत असत. १९१४ सालीं ते चिलींत गेले असतां त्यांच्या दृष्टीस कांहीं विलक्षण कोंबड्या पडल्या. त्यांना शेपूट मुळींच नव्हतें, कानांपाशीं मिशांसारखे पिसांचे झुबके होते, आणि त्या निळीं अंडीं देत होत्या. १९२१ सालीं हॉलंडांतील हेग शहरीं कुक्कुटपालकांची पहिली जागतिक परिषद भरली, तींत कास्तेलोंनीं ही हकीकत सांगितली आणि ही सामान्य कोंबडी नसून एक स्वतंत्र जात असली पाहिजे असें प्रतिपादन करून तिला लॅटिन नांवहि देऊन टाकलें. सभेंत खळबळ उडाली. जंगली कोंबड्यांचे ज्ञात प्रकार अवघे चार, ते सारे आशियांतले. आणि येथें तर अमेरिकेंत पांचवा निघाला!

पुढें अधिक चौकशी झाली, तेव्हां खरा प्रकार उघडकीस आला. चिलींत दोन निरनिराळ्या गांवठी जाती होत्या. कोलोन्का नांवाची शेपटीवांचूनची, आणि केत्रो नांवाची कानांपाशीं झुबके असलेली. त्यांचा संकर करून तेथील एका हौशी पाळणाऱ्यानें तो आगळा पक्षी सिद्ध केला होता. कास्तेलोंनीं एका हौसेचें फळ पाहिलें आणि त्यास सृष्टीचें फळ समजले. विशेष हें कीं, चूक ध्यानांत आल्यावर ती त्यांनीं झांकून ठेविली नाहीं. १९२४ सालीं त्यांच्याच बार्सेलोना शहरीं दुसरी परिषद भरली, तींत त्यांनीं आपलें पूर्वीचें मत दुरुस्त केलें. विद्वानांच्या इतिहासांत असले प्रसंग वाटतात त्याहून विरळ आहेत.

तीन गुण एका पक्ष्याच्या अंगीं एकत्र दिसले म्हणून ते एकमेकांशीं बांधलेले आहेत असें नव्हे, हें या घोटाळ्याचें मर्म. पुढें त्याची गणिती सिद्धता केंब्रिज येथील प्राध्यापक पनेट यांनीं दिली. शाळेच्या शास्त्राच्या पुस्तकांत आनुवंशिकतेचा चौकटींचा तक्ता असतो, तो याच गृहस्थांचा. १९३३ सालीं त्यांनीं निळ्या अंड्यावरील आपलें संशोधन प्रसिद्ध केलें. निळी अंडीं देणाऱ्या आणि न देणाऱ्या कोंबड्यांचे संकर करून संततीची मोजदाद केल्यावर त्यांना आढळलें कीं, निळा रंग एकाच आनुवंशिक घटकामुळें, म्हणजे एकाच जनुकामुळें, येतो. आणि तो घटक प्रबळ आहे. आई किंवा बाप, कोणाहि एकाकडून तो आला तरी मुलगी निळें अंडें देते. दोघांकडून आला तर रंग अधिक गडद होतो इतकेंच. शेपूट असणें-नसणें आणि झुबके असणें-नसणें यांशीं त्याचा कांहींएक संबंध नाहीं. पनेट आणि त्यांचे सहकारी मायकेल पीज यांच्या केंब्रिजमधील कामांतूनच पुढें क्रीम लेगबार ही निळ्या अंड्यांची कोंबडी निपजली. तिचीं पिलें अंड्यांतून बाहेर येतांच अंगावरील लवेच्या रंगावरून नर-मादी ओळखतां येतात.

त्या घटकाचें गूढ उकलण्यास मात्र २०१३ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं चीनमधील आणि इंग्लंडमधील संशोधकांनीं स्वतंत्रपणें एकच शोध प्रसिद्ध केला, आणि तो मोठा मौजेचा आहे. पित्तांतील द्रव्यांची ने-आण करणारें एक जनुक कोंबडीच्या यकृतांत काम करीत असतें. अंड्याला कवच चढविणाऱ्या अवयवांत तें झोंपलेलें असतें. निळ्या अंड्यांच्या कोंबडींत या जनुकाच्या शेजारीं एका प्राचीन विषाणूचा तुकडा येऊन बसलेला आहे, आणि त्याच्या शेजारामुळें तें जनुक कवचाच्या कारखान्यांतहि जागें होतें. मग बिलिव्हर्डिन कवचाच्या चुन्यांत उतरूं लागतें. चीनमध्येंहि डोंगशियांग आणि लुशी या निळ्या अंड्यांच्या जुन्या जाती आहेत. त्यांतहि तोच विषाणू त्याच जनुकाशेजारीं आढळला, परंतु नेमकी जागा चिलीच्या कोंबडीहून किंचित् वेगळी. अर्थात् चीनकडून चिलीला किंवा चिलीकडून चीनला हा गुण गेलेला नाहीं. तीच घटना दोन ठिकाणीं दोनदां घडली. विषाणूचें नांव ऐकून कोणी दचकूं नये. तो फार पूर्वींच निर्जीव होऊन कोंबडीच्या आनुवंशिक द्रव्यांत मुरलेला आहे. मनुष्याच्या आनुवंशिक द्रव्याचाहि सुमारें ८ टक्के भाग असल्याच जुन्या विषाणूंच्या अवशेषांचा आहे.

एवढी पूर्वपीठिका झाल्यावर आतां राधानगरीकडे परत येऊं. तेथील एखाद्या वाडीवरच्या घरीं काय स्थिति असते? पडवीच्या कडेला खुराडें, त्यांत पांचसहा कोंबड्या आणि एक कोंबडा. सकाळीं खुराड्याचें दार उघडलें कीं त्या उकिरडा, गोठा आणि परसू धुंडाळीत दिवसभर आपलें पोट आपण भरतात. मालकीण मूठभर तुसाचे दाणे वा नाचणी टाकते तेवढेंच. अशी गांवठी कोंबडी वर्षाकाठीं साठ-सत्तर अंडीं देते. पिंजऱ्यांतील संकरित कोंबडी तीनशेंहून अधिक देते. आंकडे पाहून शहरच्या माणसास गांवठी कोंबडीची कींव येते. परंतु संकरित कोंबडीला विकतचें खाद्य लागतें, औषधें लागतात, आणि अंडें उबवायचें असतें हें ती विसरूनच गेलेली असते. गांवठी कोंबडी खुडूक होते, दहाबारा अंड्यांवर २१ दिवस चिकाटीनें बसते, पिलें काढते, आणि घारीची सांवली पडतांच त्यांना पंखांखालीं घेते. आषाढांत धुवांधार पाऊस लागला, राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले, दोनदोन दिवस वीज नाहीं, अशा वेळीं उबवणीचें यंत्र काय कामाचें? तेथें खुडूक कोंबडी हेंच यंत्र.

आणि एक गोष्ट हिशेबाच्या वहींत कधींच चढत नाहीं. शेताचा पैसा घरधन्याच्या हातीं जातो, दुधाचा पैसा संस्थेंतून त्याच्याच नांवावर येतो. पण कोंबडीचा आणि अंड्यांचा पैसा बहुधा बाईच्या कनवटीला राहतो. मुलाची वही, मुलीची रिबन, आजाऱ्याची गोळी, माहेरच्या जत्रेचें जाणें, या पैशांतून निभतें. त्याचा हिशेब कोणी विचारीत नाहीं आणि ती कोणास देत नाहीं. खुराड्यांत कोणता कोंबडा असावा हा प्रश्न म्हणूनच दिसतो तितका क्षुल्लक नाहीं.

आतां समजा, शहरांत निळ्या अंड्यांची आवड उत्पन्न झाली, त्यांना दुप्पट-तिप्पट मोल येऊं लागलें, आणि या बाईला कोणी सांगितलें कीं तुझ्या कोंबड्या काढून टाक आणि ही परदेशी जात घे. तिनें काय करावें? कास्तेलोंची चूक येथें पुन्हां होण्याचा संभव असतो. पक्षी सगळाच्या सगळा घेण्याचें कारण नाहीं. हवा आहे तो त्याचा एकच गुण.

कानांपाशीं झुबके असलेल्या मूळ चिलियन पक्ष्याची गोष्ट तर फारच दुःखद आहे. झुबक्याचा घटक आईकडून आणि बापाकडून असा दुहेरी आला, तर पिलूं अंड्यांतच मरतें. झुबकेवाला नर आणि झुबकेवाली मादी यांची जोडी लावली, म्हणजे शंभरांतील पंचवीस पिलें या एका कारणानेंच गेलीं. एकेरी घटकाचींहि कांहीं जगत नाहींत तीं निराळीं. शेपूट नसलेल्या पक्ष्यांत फळधारणा कमी, हें तिसरें संकट. प्रदर्शनांत पदकें मिळविणाऱ्या हौशी माणसास हें परवडेल. ज्या बाईच्या कोंबडीनें बारा अंडीं उबविलीं आणि आठच पिलें निघालीं, तिचीं चार पिलें कोणाच्या शोभेपायीं गेलीं? क्रीम लेगबारचा प्रकार सौम्य आहे. पण तिच्या अंगीं लेगहॉर्नचें रक्त असल्यामुळें ती उबवणीस क्वचित् बसते, आणि डोक्यावरचा पिसांचा जुडगा वरून येणाऱ्या घारीच्या आड येतो. दाजीपूरच्या बाजूला घारी आणि शिक्रे थोडे नाहींत, मुंगसें आणि रानमांजरें तर विचारूंच नयेत.

मग एक गुण तेवढा कसा घ्यावा? निळ्या वंशाचा एक कोंबडा आणून तो गांवठी कोंबड्यांत सोडला, तर पहिल्या पिढीच्या सर्व मुली, कोंबडा शुद्ध असल्यास, निळसर अंडीं देतील. त्यांत अर्धें रक्त परकें. येथें बहुतेक लोक घाईनें चुकतात. या मिश्र कोंबड्यांतलाच एखादा देखणा कोंबडा निवडून पुढची पैदास करतात. कोंबडा अंडें देत नाहीं. त्याच्या पोटांत निळेपणा आहे कीं नाहीं हें तोंडावर लिहिलेलें नसतें. याहून शहाणपणाची रीत अशी कीं, रंगाचा वारसा नेहमीं मादीकडे ठेवावा, कारण तो तेथें डोळ्यांना दिसतो, आणि कोंबडा मात्र दर पिढीला चांगला गांवठीच असावा. निळें अंडें देणारी तलंग आणि गांवठी कोंबडा यांच्या मुलींपैकीं सरासरी निम्म्या निळ्या अंड्यांच्या निघतील. त्यांच्या अंगीं तीनचतुर्थांश रक्त गांवठी. पुन्हां तसेंच केलें कीं सातअष्टमांश. चौथ्या पिढीस परकेपणा सोळांत एक हिस्सा उरतो, आणि निळा रंग जशाचा तसा. मधल्या काळांत जी खुडूक होत नाहीं, जिचीं पिलें पावसांत टिकत नाहींत, ती रंग कितीहि सुंदर असला तरी वंशांतून काढून टाकावयाची.

हिशेब कागदावर सोपा, खुराड्यांत कठीण आहे. गांवठी तलंग अंड्यावर येण्यास सहासात महिने लागतात, म्हणून एका पिढीस साधारण एक वर्ष धरावें. दहा पिलें निघालीं, सहा जगलीं, त्यांत तीन माद्या, आणि त्यांतील एक किंवा दोन निळ्या अंड्यांच्या. एखाद्या वर्षीं एकहि नसेल. एकाच घराला हें जमण्यासारखें नाहीं. चारपांच घरांनीं मिळून केलें तर जमेल, आणि तसें केल्यानें कोंबडे एकमेकांत बदलतांहि येतील; नाहींतर बापलेकींचा संयोग पुनःपुन्हां होऊन वंश खचतो. रंगाचीहि खोटी आशा धरूं नये. गांवठी कोंबडीच्या अंड्यावर थोडी बदामी झांक असतेच, ती निळ्यावर चढते. तेव्हां राधानगरीस निपजणारें अंडें आकाशी होण्याऐवजीं शेवाळी हिरवट होण्याचा संभव अधिक.

कोंबड्याची पारख करण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला तुऱ्याचा. चिलीच्या कोंबडीचा तुरा करवतीसारखा उभा नसतो. वाटाण्याचे दाणे तीन ओळींत मांडावे तसा बसका असतो. या तुऱ्याचा घटक आणि निळ्या अंड्याचा घटक एकाच गुणसूत्रावर अगदीं शेजारीं आहेत, म्हणून ते बहुधा जोडीनेंच पिलांत उतरतात. मिश्र संततींत बसक्या तुऱ्याचा कोंबडा निळेपणा घेऊन आला असण्याचा संभव फार मोठा. परंतु ज्या वाडीच्या कोंबड्यांत असीलचें रक्त मिसळलेलें आहे, तेथें ही खूण फसवी ठरते, कारण असीलचा तुराहि असाच बसका असतो आणि त्याला निळ्या अंड्याशीं कर्तव्य नाहीं. दुसरा मार्ग लांबचा पण खात्रीचा. कोंबडा बदामी अंड्यांच्या कोंबड्यांत सोडावा आणि त्याच्या मुली अंड्यावर येईपर्यंत थांबावें. एकीनें जरी बदामी अंडें दिलें तरी कोंबडा शुद्ध नव्हे. ओळीनें पांच मुलींनीं निळीं अंडीं दिलीं, तर तो मिश्र असण्याचा संभव बत्तिसांत एक एवढाच उरतो.

बाहेरून आणलेला पक्षी थेट खुराड्यांत सोडूं नये, ही सूचना जुनीच, तरी दर सालीं विसरली जाते. मानमोडी, ज्याला हिंदुस्थानांत राणीखेत म्हणतात, तो रोग एका पाहुण्या कोंबड्याबरोबर येतो आणि आठवड्यांत वाडीचीं सारीं खुराडीं ओस पाडतो. निदान तीन आठवडे नवा पक्षी वेगळा ठेवावा आणि घरच्या पक्ष्यांना लस टोंचलेली असावी. परदेशांतून जिवंत पक्षी किंवा उबवणीचीं अंडीं आणणें हें तर १८९८ च्या पशुधन आयात कायद्याखालीं परवानगीवांचून होतच नाहीं. गांवठीहून थोडी सुधारलेली, पण परसांत वाढणारी कोंबडी हवी असेल तर पिलांसाठीं फार दूर जावें लागत नाहीं. सरकारचें मध्यवर्ती अंडीं उबवणी केंद्र खुद्द कोल्हापुरांत आहे. आणि रानकोंबड्याशीं संकर करावा अशी कल्पना कोणाच्या डोक्यांत आलीच, तर ती तेथेंच सोडून द्यावी. तो पक्षी १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें संरक्षित आहे.

शहरांतील श्रोत्यांचा या सर्वांशीं संबंध येतो तो बाजारांत. कडकनाथ कोंबडीची कथा अजून जुनी झालेली नाहीं. मध्यप्रदेशांतील झाबुआची ही काळी कोंबडी खरोखरीच गुणी आहे. २०१८ सालीं तिला भौगोलिक निर्देशाचा मान मिळाला. पण तिच्या औषधी गुणांची वाजवीपेक्षां अधिक वर्णनें शहरांत पसरलीं, भाव चढले, आणि पक्षी देऊं, अंडीं परत विकत घेऊं अशीं वचनें देणारे पुढें आले. २०१९ सालीं सांगली-कोल्हापूर भागांतील या फसवणुकीचा स्फोट झाला, तेव्हां कर्ज काढून शेड बांधणारे शेतकरी हवालदिल झाले, आणि दारांतल्या काळ्या कोंबड्यांना घालण्यास दाणा उरला नाहीं. कडकनाथचें अंडें काळें असतें, ही तर निव्वळ दंतकथा. तें फिकट बदामी असतें. काळ्या कोंबडीच्या नांवानें जें झालें तें निळ्या अंड्याच्या नांवानें होणार नाहीं असें समजण्यास आधार नाहीं.

म्हणून स्पष्ट सांगितलें पाहिजे कीं निळ्या अंड्यांत पांढऱ्या किंवा बदामी अंड्यांपेक्षां अधिक सत्त्व नसतें. कवचाचा रंग हा वंशाचा, बलकाचा रंग हा चाऱ्याचा. हिरवा पाला आणि किडे खाणाऱ्या कोंबडीचा बलक केशरी होतो, मग कवच कोणतेंहि असो. निळें अंडें मधुमेहावर चालतें, त्यानें रक्तांतील चरबी वाढत नाहीं, असें जो सांगेल त्याच्याकडून कोणतेंच अंडें घेऊं नये. पांढरीं अंडीं चहाच्या पाण्यांत बुडवून गांवठी म्हणून विकण्याचे प्रकार घडतात, तसे निळीच्या पाण्याचेहि घडतील. पारख घरच्या घरीं होते. अंडें फोडल्यावर कवचाच्या आंतला पातळ पापुद्रा सोलून काढावा आणि कवच उजेडांत धरावें. आंतूनहि निळें असेल तर रंग कोंबडीचा. आंत पांढरें आणि बाहेर निळें असेल तर रंग दुकानदाराचा.

रंगाचें कौतुक करूंच नये असा याचा अर्थ नव्हे. न्याहारीच्या ताटांत एक निळें अंडें आलें तर मुलांना जो आनंद होतो त्याचेंहि कांहीं मोल आहे, आणि तें मोल वाडीवरच्या बाईच्या कनवटीला पोंचत असेल तर चार पैसे जास्त देण्यास कोणाची ना नसावी. मात्र त्या पैशांसाठीं तिनें आपली खुडूक होणारी कोंबडी घालवावी, असा बाजार नसावा.

वाडीवर ज्यांनीं हा उद्योग आरंभिला असेल, त्यांनीं एवढें करावें. निळ्या अंड्यांतून निघालेल्या प्रत्येक पिलाच्या पायाला रंगीत दोरा बांधावा, आणि पिलूं मोठें होईल तसा तो सैल करून पुन्हां बांधावा. अंड्यावरून आई ओळखतां येते, पण पिलांचा कळप एकदां परसांत मिसळला कीं कोणतें पिलूं कोणाचें हें मालकिणीलाहि सांगतां येत नाहीं. सातव्या महिन्यांत दोऱ्याच्या तलंगा डालग्याखालीं घुटमळूं लागतात. पहिलें अंडें लहान असतें, कधीं त्यावर रक्ताचा ठिपकाहि असतो. तें हातीं घेऊन पुसून पाहीपर्यंत चार पिढ्यांचा हिशेब बरोबर आला कीं चुकला, हें कोणालाच ठाऊक नसतें.